नंबर : एका इंग्रजी शब्दाची गावातली वहिवाट

सकाळी घराबाहेर पडलेला शेतकरी दिवस मावळेपर्यंत ‘नंबर’ हा शब्द किती वेळा उच्चारतो, याचा कुणी हिशेब ठेवलेला नाही. पण ऐकायला बसले तर कान थकतील. चावडीत गेला की गट नंबर, सोसायटीत गेला की खाते नंबर, कारखान्याच्या गटऑफिसात गेला की नोंद नंबर. कृषी सेवा केंद्रात बियाण्याचा लॉट नंबर, दवाखान्यात ‘आपला नंबर कितवा?’, पोराच्या शाळेत ‘कितवा नंबर काढलास?’, आणि पारावर बसलेल्या एखाद्याबद्दल हळू आवाजात ‘त्याचा सगळा दोन नंबरचा कारभार हाय.’

शब्द इंग्रजी खरा, पण आता त्याला परका म्हणण्याची सोय राहिलेली नाही. ज्या म्हातारीला इंग्रजीचे एक अक्षर वाचता येत नाही, तीसुद्धा ‘माझा नंबर लागू दे गं माय’ असे सहज म्हणते. तेव्हा हा शब्द काय काय अर्थाने वापरला जातो हे पाहण्यात गंमत तर आहेच. पण शेतकरी बंधूंनो, हा लेख लिहिण्याचे कारण गंमत हे नाही. एकच शब्द दहा ठिकाणी दहा अर्थांनी वापरला जातो, म्हणून कागदात घोटाळा होतो, आणि त्या घोटाळ्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. खत वाया जाते, अनुदान अडते, हेलपाटे वाढतात. म्हणून या शब्दाची जरा शिस्तीने ओळख करून घेऊ.

आपण काय घेतले, काय सोडले

इंग्रजीत ‘नंबर’ या शब्दाचे मुख्य अर्थ तीन. पहिला, एकूण किती, म्हणजे संख्या. दुसरा, कितवा, म्हणजे क्रमांक. तिसरा, एखादी वस्तू ओळखण्यासाठी तिला दिलेला आकडा. शिवाय इंग्रजी व्याकरणात एकवचन-अनेकवचन यालाही ‘नंबर’च म्हणतात. ‘बरेचसे’, ‘कित्येक’ असे सांगायलाही तोच शब्द वापरतात.

मराठीने यातले सगळे उचलले नाही. ‘आमच्या गावात शेतकऱ्यांचा नंबर पाचशे आहे’ असे आपण कधी म्हणत नाही. तिथे ‘संख्या’ किंवा नुसते ‘पाचशे शेतकरी आहेत’ एवढेच पुरते. मोजणीचा अर्थ आपण सोडला. रांगेतली जागा आणि वस्तूची ओळख हे दोन अर्थ मात्र घट्ट धरले. त्यावर आपल्या पद्धतीने नवीन डहाळ्याही फोडल्या. ‘नंबर लावणे’ म्हणजे रांगेत जागा धरणे. ‘नंबर लागणे’ म्हणजे पाळी येणे, निवड होणे, आणि गावच्या खवचट बोलीत कुणाचा कार्यभाग उरकणेसुद्धा. ‘नंबर काढणे’ हे हुशार पोराचे काम. ‘नंबर वाढला’ म्हणजे चष्म्याची काच जाड झाली. ‘नंबरात’ म्हणजे चक्क शेतात. ‘पलीकडच्या नंबरात विहीर पाडली’ असे सांगणारा माणूस आकड्यात विहीर पाडत नाही, जमिनीत पाडतो. आकड्याचे नाव जमिनीला मिळाले ते कसे, हे पाहण्यासाठी भीमा ओलांडून थोडे पलीकडे जावे लागेल.

इंदापूरपासून सुरू झालेली गोष्ट

नंबर येण्यापूर्वी शेताला नाव असे. वडाचे शेत, चिंचेचा मळा, थोरली पट्टी, पांढरी, काळवट, खळ्याचे रान. आजही घरात बोलताना हीच नावे चालतात. ‘थोरल्या पट्टीत पाणी सोड’ असे बाप पोराला सांगतो, ‘गट नंबर अमुकमध्ये पाणी सोड’ असे सांगत नाही.

इंग्रजांनी पेशवाईनंतर महसूल वसूल करायला घेतला, तेव्हा त्यांना ही नावे पुरेनात. पहिली मोठी मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केली, पण ती फसली. आकारणी जबर बसली आणि रयत हैराण झाली. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीने मोजणी आणि आकारणी सुरू केली, ती आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात. टेंभुर्णीतून भीमेचा पूल ओलांडला की जो तालुका लागतो, तोच हा. पुढे हीच पद्धत सोलापूरकडच्या भागात आणि साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली. जमिनीचे तुकडे मोजायचे, बांधावर हद्दीच्या निशाण्या करायच्या, जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची, आकार तीस वर्षांसाठी कायम करायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा. तोच सर्व्हे नंबर. एक नंबर साधारण किती मोठा धरायचा, तर एका बैलजोडीच्याने कसवेल एवढा.

मोजणीची साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे सोळा आणे. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आपल्या बांधाबांधाच्या भांडणातला प्रत्येक गुंठा त्या साखळीने मोजलेला आहे.

पुढे वारस वाढले, वाटण्या झाल्या, एका सर्व्हे नंबरात पोटहिस्से पडले. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली, तिथे जमिनींची नवी मांडणी होऊन नवे आकडे आले. ते गट नंबर. म्हणजे आज्याच्या खरेदीखतात जो आकडा आहे तो सर्व्हे नंबर आणि नातवाच्या उताऱ्यावर जो आहे तो गट नंबर. दोन्हींना गावात नुसते ‘नंबर’च म्हणतात, आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते.

जुन्या दस्तातला सर्व्हे नंबर घेऊन आजच्या उताऱ्याशी ताडून पाहिले तर तो जुळणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या जमिनीशी जुळेल. ‘आमची जमीन त्यांनी लाटली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाने आधी पाहावे, की हातातला आकडा सर्व्हेचा आहे की गटाचा. जुन्या सर्व्हे नंबरचा नवा गट कोणता झाला, हे एकत्रीकरणाच्या योजना पत्रकावरून कळते. त्याची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. वकिलाकडे जाण्याआधी ती काढावी.

उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींचेही असेच आहे. १९८० च्या सुमारास धरण पुरे झाले आणि भीमाकाठची अनेक गावे उठली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ दिसते, पण बांध दिसत नाहीत. कागदावर मात्र त्या जमिनी नंबरानेच जिवंत आहेत. प्रकल्पग्रस्ताचा दाखला असो की पर्यायी जमिनीचा अर्ज, बुडालेल्या शेताचा जुना नंबर सांगावाच लागतो. ज्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो कागद जपला, त्यांच्या नातवंडांचे काम सोपे झाले.

सात नंबर कुणाचा?

आता कागदांच्या नंबराकडे वळू. आपला ‘सातबारा’ हा मुळात दोन नंबरांचा जोड आहे. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना एकपासून एकवीसपर्यंत नमुने आहेत. त्यातला नमुना नंबर ७ म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कुणाची हे सांगणारा. नमुना नंबर १२ म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. ‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा द्यायची तर ती सातची बाजू, कारण बोजा तिथे चढतो. पीक कोणते ते पाहायचे तर बाराची बाजू.

पण ‘सात नंबरचा फॉर्म भरा’ असे कुणी सांगितले, तर गडबडून जाऊ नका. आधी विचारा, कुठल्या खात्याचा? कारण महसूल खात्याचा नमुना ७ हा वर सांगितलेला उतारा. पाटबंधारे खात्याचा नमुना नंबर ७ हा कालव्याच्या पाण्यासाठी करायचा मागणी अर्ज. आवर्तनाआधी पेपरात ‘नमुना नंबर ७ वर पाणी अर्ज करावेत’ असे निवेदन येते, ते याचेच. आणि निवडणूक खात्याचा फॉर्म नंबर ७ भरला, तर तो मतदारयादीतून नाव वगळण्यासाठी किंवा नावावर हरकत घेण्यासाठी असतो. म्हणजे एक ‘सात’ जमिनीचा मालक दाखवतो, दुसरा पाणी मागतो आणि तिसरा यादीतून नाव उडवतो.

सहा नंबरचेही तसेच. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. निवडणुकीचा फॉर्म ६ म्हणजे नवीन मतदार नोंदणी.

सगळ्यात जास्त फसगत होते ती आठ नंबरात. तलाठ्याचा ‘आठ-अ’ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर त्या गावात एकूण किती जमीन आहे, कोणकोणत्या गटात आहे, हे दाखवणारा खातेउतारा. ग्रामपंचायतीचा ‘नमुना नंबर ८’ म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही. शेतकरी योजनेच्या अर्जाला आठ-अ मागितला की माणूस ग्रामपंचायतीत जाऊन घराचा आठचा उतारा घेऊन येतो, आणि अर्ज त्रुटीत निघतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ग्रामपंचायतीच्या आठ नंबरला नाव लागले की जागा आपली झाली, असा गावोगाव समज आहे. तो चुकीचा आहे. ती नोंद कर वसुलीसाठी असते. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. घर किंवा जागा खरेदी करताना एवढ्या एका उताऱ्यावर पैसे मोजू नयेत.

इथे गावच्या कारभाऱ्यांनाही एक विनंती आहे. २०२४ पासून तलाठ्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी असे झाले. नावे बदलली तरी लोकांचे बोलणे तेच राहणार. तेव्हा ‘आठ नंबर आणा’ एवढेच न सांगता ‘महसूलचा आठ-अ आणा, जमिनीचा’ असे पुरे सांगावे. दोन शब्द जास्त लागतील, पण शेतकऱ्याचा एक हेलपाटा वाचेल.

जमिनीचा, माणसाचा आणि घडामोडीचा

उताऱ्यावर तीन प्रकारचे नंबर असतात. त्यांची ओळख अशी ठेवावी. गट नंबर जमिनीचा, खाते नंबर माणसाचा आणि फेरफार नंबर घडामोडीचा.

जमीन विकली तरी गट नंबर तोच राहतो. मालक बदलला की खाते नंबर बदलतो. आणि खरेदी, वारस, वाटणी, बोजा असे काहीही घडले की त्याला एक फेरफार नंबर पडतो. म्हणून जमिनीचा इतिहास शोधायचा असेल तर उताऱ्यावरचे फेरफार नंबर एकामागून एक काढत मागे जायचे. आज्यापासून आपल्यापर्यंत जमीन कशी आली ते त्यातून उलगडते. जमीन घेणाराने तरी किमान गेल्या तीस वर्षांतले फेरफार पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

उताऱ्यावरचे क्षेत्रही नीट वाचावे. ते हेक्टर-आरमध्ये असते. ‘१.२०’ असे दिसले की बरेच जण ‘एक एकर वीस गुंठे’ असे वाचतात. ते १ हेक्टर २० आर आहे, म्हणजे जवळपास तीन एकर. ‘०.८०’ म्हणजे ऐंशी गुंठे धरले तर फारसे बिघडत नाही, कारण एक आर आणि एक गुंठा जवळजवळ सारखेच. पण दशांश चिन्हाच्या डावीकडचा आकडा एकर नव्हे, हेक्टर आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

संगणकावर उतारे घेताना कुठे गट नंबरात, कुठे क्षेत्रात, कुठे नावात चुका राहिल्या. अशी लेखनातली चूक असेल तर घाबरू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची आणि संबंधित फेरफाराची नक्कल जोडावी. मात्र हे कलम लेखनप्रमादासाठी आहे. हक्काचाच वाद असेल तर त्याला वेगळी वाट आहे.

नंबर बदलतात, हेही विसरू नये. आपल्या टेंभुर्णीवरून जाणारा पुणे-सोलापूर रस्ता किती वर्षे ‘नऊ नंबरचा हायवे’ होता. २०१० च्या फेररचनेत तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ झाला. जुन्या खरेदीखतांत चतु:सीमेत ‘९’ लिहिलेले असेल आणि नव्या नोटिशीत ‘६५’ असेल, तर रस्ता दोन नव्हे, एकच आहे. फसवणाऱ्याला आपण ‘चारशे वीस’ म्हणतो, तो जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलमाचा आकडा. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचे कलम ३१८ झाले. पण ‘तो लई तीनशे अठरा हाय’ असे अजून तरी कुणी म्हणत नाही.

उसाचे नंबर

आमच्या माढा, करमाळा, माळशिरस भागात उसाच्या जातीला नावाने कमी आणि नंबराने जास्त ओळखतात. ‘काय लावलाय?’ ‘दोनशे पासष्ट.’ एवढ्यात दोघांनाही सगळे कळते.

पण हे आकडे येतात कुठून? उसाच्या वाणाला पूर्वी कोईमतूरच्या केंद्रातून नुसता चढता क्रम मिळे. को ४१९, को ७४० हे त्या पिढीतले. नंतर पद्धत बदलली आणि आकड्यात साल आले. को ८६०३२ म्हणजे को हे कोईमतूरचे, ८६ हे १९८६ साल, आणि ०३२ हा त्या सालचा क्रम. आपल्याकडे हाच वाण ‘नीरा’ नावाने १९९६ मध्ये प्रसारित झाला, पण नाव राहिले कागदावर आणि लोक म्हणतात ‘शहाऐंशी बत्तीस’.

आता ‘दोनशे पासष्ट’ पाहा. तो खरा कोएम ०२६५. म्हणजे ०२ हे २००२ साल आणि ६५ हा क्रम. कोईमतूरबरोबर यात ‘एम’ आहे तो महाराष्ट्राचा, कारण वाण पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा. फुले २६५ हे त्याचे प्रसारित नाव. आपण पुढचे शून्य गाळले आणि साल व क्रम जोडून ‘दोनशे पासष्ट’ केले. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या ०८००५ चे तसेच. २००८ सालचा पाचवा, पण शिवारात तो ‘आठ हजार पाच’ म्हणूनच ओळखला जातो.

बोलण्यात हे चालते. नोंदीत चालत नाही. कारखान्याकडे उसाची नोंद देताना जातीचा पुरा आकडा, लागणीची तारीख, गट नंबर आणि क्षेत्र या चार गोष्टी बरोबर गेल्या पाहिजेत. तोडीचा कार्यक्रम लागण तारीख आणि जात पाहून ठरतो. लवकर पक्व होणारी जात उशिरा पक्व होणारी म्हणून नोंदली गेली, तर तोडीचा नंबर मागे जातो. तुरा येतो, वजन घटते, आणि मग ‘आमचा नंबर डावलला’ अशी तक्रार होते. कधी खरोखरच नंबर डावलला जातो, तेव्हा भांडलेच पाहिजे. पण भांडायला हातात नोंदीची पावती हवी आणि तिच्यावरचा मजकूर आपण वाचलेला हवा.

नुसत्या नंबराने ओळखली जाणारी दुसरी जात म्हणजे आपली मालदांडी. एम ३५-१ हा वाण मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून काढला गेला. नंतर किती सुधारित वाण आले, तरी सोलापूरच्या भाकरीला आणि कडब्याला ‘पस्तीस-एक’चे नाव टिकून आहे.

बियाण्याच्या पिशवीवर आणखी एक महत्त्वाचा नंबर असतो, लॉट नंबर. प्रमाणित बियाण्याला निळे लेबल असते. त्यावर जात, लॉट नंबर, उगवणशक्ती आणि मुदत छापलेली असते. बी उगवले नाही तर तालुका स्तरावरच्या तक्रार निवारण समितीकडे तक्रार करता येते. समिती येऊन पंचनामा करते. पण त्या वेळी दुकानदाराच्या बिलावरचा लॉट नंबर आणि पिशवीवरचा लॉट नंबर एकच असावा लागतो. पेरणी झाली की पिशवी चुलीत घालायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडावी. पीक उगवून वर येईपर्यंत पिशवी, लेबल आणि मूठभर बी जपून ठेवावे. बिल घेताना दुकानात उभे राहूनच दोन्ही नंबर ताडून पाहावेत.

पोत्यावरचे तीन आकडे

खताला तर आपण नावच ठेवलेले नाही, सगळा कारभार आकड्यांवर. ‘दहा सव्वीस सव्वीस द्या’, ‘अठरा सेहेचाळीस आलंय का?’, ड्रिपवाल्याला ‘तीन एकोणीस’ आणि ‘शून्य बावन्न चौतीस’. आकडे तोंडपाठ आहेत, पण त्यांचा अर्थ विचारला तर निम्मे लोक गप्प बसतात.

पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. शंभर किलो खतात ते ते अन्नद्रव्य किती किलो आहे, ते हे आकडे सांगतात. पोते पन्नास किलोचे असेल तर आकडा निम्मा करायचा. १०:२६:२६ च्या एका पोत्यात ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश. १८:४६ च्या पोत्यात ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद आणि पालाश शून्य. युरियात नत्र शेकडा ४६, आणि त्याची गोणी आता ४५ किलोची, म्हणजे एका गोणीत २० किलो ७०० ग्रॅम नत्र.

खरी गोची शिफारशीच्या नंबरात आहे. सुरू उसाची शिफारस २५०:११५:११५ अशी छापलेली असते. हे आकडे पोत्यांचे नाहीत, खताच्या किलोचे नाहीत आणि एकराचेही नाहीत. ते हेक्टरी अन्नद्रव्याचे किलो आहेत. एकरी करायचे तर अडीचने भागायचे. म्हणजे एकरी १०० किलो नत्र आणि ४६-४६ किलो स्फुरद व पालाश. हेक्टरचा आकडा एकराला धरला तर अडीचपट खत पडते. पैसे जातात, जमीन बिघडते, आणि पाणी जास्त झालेल्या रानात क्षार वर येतात.

हिशेब करून दाखवतो. स्फुरद ४६ किलो हवे, ते १८:४६ च्या दोन पोत्यांतून पुरे मिळते. त्याच दोन पोत्यांतून १८ किलो नत्रही येते. उरले ८२ किलो नत्र, त्याला युरियाच्या चार गोण्या. पालाश ४६ किलो, त्याला म्युरेट ऑफ पोटॅशचे दीड पोते. झाला एकराचा हिशेब. तोही एकदम टाकायचा नाही, हप्त्याहप्त्याने द्यायचा. माती परीक्षण केलेले असेल तर यातही कमी-जास्त करता येते.

एक नंबर, दोन नंबर

बाजारात नंबर म्हणजे प्रत. ‘एक नंबर कांदा’, ‘दोन नंबर कांदा’, त्याखाली गोल्टी आणि चिंगळी. डाळिंबाचे, केळीचे तसेच. इथे ‘दोन नंबरचा माल’ म्हणजे आकाराने किंवा रंगाने थोडा कमी, पण प्रामाणिक माल. तोच शब्द माणसाला लावला की अर्थ फिरतो. ‘दोन नंबरचा धंदा’ म्हणजे बेकायदा, ‘दोन नंबरचा पैसा’ म्हणजे हिशेबाबाहेरचा. आणि ‘एक नंबर माणूस’ ही शाबासकी असते, तर ‘एक नंबरचा चोर’ ही शिवी. आकडा तोच, मागे कोणता शब्द आला त्यावर सगळे ठरते.

शेतकऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की बाजारातला ‘एक नंबर’ हा प्रत्येक आडतीवर सारखाच असतो असे नाही. म्हणून सौदा करताना फळाचे किंवा कांद्याचे आकारमान, वजन, डागाची सूट हे बोलून घ्यावे. घरीच निवड करून प्रतवारीप्रमाणे गोण्या वेगळ्या भराव्यात. सगळा माल एकत्र नेला की भाव खालच्या नंबराचा पडतो.

नवे नंबर

गेल्या काही वर्षांत आणखी नंबर आले. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर बारा आकडे. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. बैल विकायला बाजारात नेण्याआधी बिल्ला आहे का ते पाहावे, पडला असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून नवा घालून घ्यावा.

शेतकऱ्याला स्वत:चाही नंबर मिळाला, शेतकरी ओळख क्रमांक. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी तो आवश्यक केला आहे. तो काढताना आपले सगळे गट त्याला जोडले गेले का, हे खातेउतारा हातात धरून तपासावे. एखादा गट राहिला तर त्या गटावरच्या योजनेला अडचण येते. सामाईक खाते असेल तर प्रत्येक हिस्सेदाराने आपला नंबर वेगळा काढावा.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. आता बारा नंबरची बाजू शेतकऱ्याने स्वत: भरायची आहे. मोबाईलवर गट निवडताना शेजारचा गट निवडला गेला, तर आपले पीक दुसऱ्याच रानात दिसेल. नुकसानभरपाई आणि विमा दोन्ही वेळी तीच नोंद पाहिली जाते.

बँक खात्याचा नंबर अर्जावर बरोबर लिहिला, तरी आधारवर मिळणारे अनुदान त्या खात्यात जाईलच असे नाही. आधार क्रमांकाला सर्वांत शेवटी जोडलेले जे बँक खाते, त्यात ते जाते. ‘पैसे आले नाहीत’ म्हणून ओरड करण्याआधी आधार कोणत्या बँकेला जोडले आहे ते विचारावे. बरेचदा पैसे आलेले असतात, पण विसरलेल्या खात्यात.

एवढे करा

एका वहीच्या पहिल्या पानावर घरातले सगळे नंबर लिहून ठेवा. गट नंबर व जुना सर्व्हे नंबर, खाते नंबर, महत्त्वाचे फेरफार नंबर, शेतकरी ओळख क्रमांक, वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक, सोसायटीचे खाते, ऊस नोंद क्रमांक, जनावरांच्या बिल्ल्यांचे आकडे. प्रत्येकापुढे तो कशाचा नंबर आहे आणि कोणत्या खात्याचा आहे, हे मराठीत लिहा. ही वही एकट्या कर्त्या पुरुषाने पेटीत कोंडून ठेवू नये. बायकोला, मुलाला, मुलीला ती कुठे आहे हे ठाऊक असावे. कर्ता माणूस अचानक गेला, तर मागे राहिलेल्या बाईला वारस नोंदीसाठी नंबर शोधत दहा दारे फिरावी लागू नयेत.

आणि ऑफिसात कुणी ‘अमुक नंबर आणा’ म्हणाले, तर मान डोलावून परत फिरू नका. ‘सायेब, कशाचा नंबर? कुठं मिळतो?’ एवढे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, आणि सांगणे हे आम्हा कर्मचाऱ्यांचे कामच आहे. अधिक माहितीसाठी आपल्या गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांशी किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागाशी संपर्क साधावा.